रंग लागत नाही

आमच्या स्वयंपाकघरातल्या सर्वांत खालच्या खणात एक पिवळट पडलेला लिफाफा आहे. २००६ साली हे घर घेतले तेव्हा आधीच्या मालकीणबाईंनी निघताना ज्या काही वस्तू मागे ठेवल्या – तळघराची जास्तीची किल्ली, कचरा कोणत्या वारी उचलतात याची चिठ्ठी, एक जळालेला फ्यूज – त्यांतच तो होता. आत घराच्या बाहेरच्या आवरणाचे, म्हणजे विनाइल साइडिंगचे, हमीपत्र आहे. साल १९८७. पहिल्या पानावर एक हसरे कुटुंब, त्यामागे बदामी रंगाचे घर, आणि वर ठळक अक्षरांत हे घर पुन्हा कधीही रंगवावे लागणार नाही अशा आशयाचे वाक्य. अठरा वर्षे आम्ही ते वाचले नव्हते. वाचले ते २०२४च्या मे महिन्यात, आई इथे राहायला आल्यावर.

(आमच्यातला एक जण आईंना 'तू' म्हणतो आणि दुसरा 'तुम्ही'. दोघांनी मिळून मराठीत लिहायला बसले की ही पंचाईत होते. तेव्हा इथे आदरार्थी बहुवचनच बरे.)

आईंनी विचारले, "काय लिहिलंय त्यात?" आम्ही सांगितले, या घराला रंग लागत नाही. त्यांनी क्षणभर विचार केला. "लागत नाही म्हणजे? धरत नाही, की द्यावा लागत नाही?"

मूळ इंग्रजी वाक्यात ही शंका येत नाही. मराठीत येते, कारण 'लागणे' या एकाच क्रियापदावर आपण संसारातली निम्मी कामे सोपवली आहेत. पैसे लागतात, भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, वेळ लागतो, लळा लागतो. गरज आणि स्पर्श या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे या क्रियापदाला वाटतच नसावे. आईंच्या प्रश्नाला आम्ही तत्परतेने उत्तर दिले, "दोन्ही." पुढे कळले की ते दोन्ही अर्थांनी चुकीचे होते.

इथे थोडे वर्णन करणे भाग आहे. लेकवुड हे ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठचे, क्लीव्हलंड शहराला लागून असलेले जुने उपनगर. इथली पुष्कळ घरे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतली, लाकडी सांगाड्याची, एकमेकांना खेटून उभी असलेली. आमचे १९२४चे. अशा घराच्या भिंतीला बाहेरून क्लॅपबोर्ड मारत: कौलांप्रमाणे एकीवर दुसरी किंचित चढवून ठोकलेल्या आडव्या फळ्या. या फळ्यांना रंग हा शृंगार नव्हता. पावसापासून आणि बर्फापासून वाचवणारा तो अंगरखा होता. पाच-सात वर्षांनी जुना रंग खरवडायचा, अस्तर द्यायचे, वर रंगाचे दोन हात मारायचे. या कष्टांना विटलेल्या गृहस्थांना दुसऱ्या महायुद्धानंतर आधी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या विकल्या गेल्या आणि मागोमाग विनाइलच्या. बॅरी लेव्हिन्सनचा 'टिन मेन' (१९८७) हा चित्रपट १९६३च्या बाल्टिमोरमधल्या अशाच ॲल्युमिनियम साइडिंगच्या फिरत्या विक्रेत्यांवर आहे. त्यांच्या एकेक क्लृप्त्या पाहताना हसू आवरत नाही. फसवणुकीला आपल्याकडे 'चुना लावणे' का म्हणतात ते आम्हांला नेमके ठाऊक नाही, पण त्या चित्रपटाचे मराठी शीर्षक दुसरे होऊ शकत नाही.

विनाइल साइडिंग म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, पीव्हीसी. हे आमच्या परिसराचेच पीक आहे म्हणायला हरकत नाही. १९२६ साली इथून तासाभराच्या अंतरावर, ॲक्रनच्या गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने पीव्हीसी मऊ आणि कामाचे करण्याची युक्ती शोधली. त्याच्या कडक प्रकारापासून घराची साइडिंग बनवायला सुरुवात झाली ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस, ओहायोचीच राजधानी असलेल्या कोलंबसमध्ये. लाकडाला रंग वरून देतात. विनाइलमध्ये तो आधीच कालवलेला असतो, आरपार. त्यामुळे खरवडले तरी आत तोच रंग निघतो. 'पुन्हा रंगवावे लागणार नाही' या वचनाचा आधार एवढाच.

पण आमचे कुतूहल जागे झाले ते ही साइडिंग बसवतात कशी हे वाचताना. ती ठोकत नाहीत, टांगतात. साडेबारा फुटांची पट्टी उन्हाळ्या-हिवाळ्याच्या फरकाने अर्धा-पाऊण इंच लांबते-आखडते. म्हणून खिळ्यासाठी भोक नसते, आडवी खाच असते; खिळा त्या खाचेच्या मध्यावर मारायचा आणि तोही पुरता नाही. खिळ्याचे डोके आणि पट्टी यांच्यात डाइम या नाण्याच्या जाडीइतकी फट ठेवायची. बसवून झालेली पट्टी हाताने डावी-उजवीकडे सरकली पाहिजे. घट्ट ठोकली तर उन्हाळ्यात तिला फुगवटे येतात.

हे वाचून आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो. या घरात आम्ही पहिली चार वर्षे भिंतीला एकही चित्र टांगले नव्हते. परत जायचेच होते. भोके कशाला पाडायची? पुढे चित्रे लागली, मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली, परत जाण्याचे वर्ष दर वर्षी एकेका वर्षाने पुढे सरकले. घराला बाहेरून मात्र आम्ही अठरा वर्षांत हात लावला नाही. लागतच नव्हता.

आईंच्या बोलण्यात 'आपलं घर' आणि 'तुमचं घर' हे दोन शब्दप्रयोग कधीही एकमेकांच्या जागी आले नाहीत. आपलं घर म्हणजे वाईचे. तुमचं घर म्हणजे हे. इंग्रजीत 'वी' म्हटले की ऐकणारा त्यात आहे की बाहेर, हे संदर्भावरून ओळखावे लागते. मराठीत 'आम्ही' म्हणताक्षणी दार लागते आणि 'आपण' म्हणताक्षणी उघडते. आईंना दोष देण्यात अर्थ नाही. आम्हीसुद्धा 'घरी जाऊन आलो' म्हणायचो ते वाईलाच जाऊन आल्यावर.

ते वाईचे घर २०२२ साली विकले. बाबा गेल्यानंतर आई तिथे सहा वर्षे एकट्या राहिल्या, मग गुडघे थकले. त्या घराच्या भिंती मातीच्या नि विटांच्या आणि त्यांना दर वर्षी दिवाळीच्या आधी चुना. कळीचा चुना पिंपात पाण्यात टाकला की तो फसफसून उकळे. मुलांना जवळ जायची बंदी. रात्रभर मुरल्यावर फडक्यातून गाळायचा, थोडा डिंक घालायचा आणि शेवटी नीळ. नीळ किती, हा आईंचा प्रांत. कमी पडली तर भिंत पिवळट दिसते, जास्त झाली तर दवाखाना वाटतो. ओला असताना चुना पारदर्शक, जवळजवळ काहीच न लावल्यासारखा दिसतो आणि वाळता वाळता पांढरा होत जातो. रसायनशास्त्र सांगते की तो नुसता वाळत नाही. हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीचा दगड होतो. म्हणजे तो भिंतीवर राहत नाही, भिंतच होतो. या अर्थाने त्या घराची भिंत दर वर्षी कागदाइतकी जाड होत असणार. आमच्यापैकी एकाने लहानपणी तिचा पोपडा काढून थर मोजायचा प्रयत्न केला होता आणि त्याबद्दल मार खाल्ला होता.

२०२३च्या जानेवारीत नव्या मालकाने घर पाडले. शेजारच्यांनी फोनवर चित्रफीत पाठवली. जेसीबीला दीड दिवस लागला. पडणाऱ्या भिंतीतून उठणारी धूळ पांढरी होती, हे आम्हांला का लक्षात राहावे, कोण जाणे.

त्यानंतर काही आठवड्यांतच, ३ फेब्रुवारीच्या रात्री, इथून गाडीने दीड-पावणेदोन तासांवर असलेल्या ईस्ट पॅलेस्टाइन या गावात मालगाडीचे ३८ डबे रुळांवरून घसरले. त्यांतल्या पाच टाक्यांमध्ये विनाइल क्लोराइड होते. ज्याची साखळी जोडली की पीव्हीसी होते, तेच. स्फोट होईल या भीतीने ६ तारखेला ते मुद्दाम बाहेर काढून जाळले गेले आणि गावावर काळा ढग उभा राहिला. तसे करण्याची गरज नव्हती, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने २०२४ साली काढला. टीव्हीवर तो ढग पाहताना आम्ही सोफ्यावर बसलो होतो आणि आमच्या पाठीमागे, भिंतीच्या पलीकडे, घराच्या चारही अंगांना तोच पदार्थ टांगलेला होता.

हे थोडे नाटकी वाटेल. घट्ट झालेले पीव्हीसी आणि वायुरूप विनाइल क्लोराइड एक नव्हेत. आमच्या भिंतीतून काही गळत नव्हते. पण पदार्थाचाही पूर्वेतिहास असतो आणि तो कळल्यावर पहिल्यासारखे वाचता येत नाही. पीव्हीसीत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते, ते येते मिठापासून. इथवर सारे सोज्वळ आहे. मग १९७४ उजाडते. केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यात विनाइल क्लोराइडशी काम करणाऱ्या काही कामगारांचे मृत्यू यकृताच्या एका अत्यंत दुर्मीळ कर्करोगाने झाल्याचे त्या वर्षी जाहीर झाले, आणि कारखान्यातल्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाखांत एक भाग एवढ्यावर आणण्याचा नियम अमेरिकेला करावा लागला. ज्युडिथ हेल्फंड आणि डॅनियल गोल्ड यांचा 'ब्लू व्हिनाइल' (२००२) हा माहितीपट याच वाटेने जातो. हेल्फंडच्या आईवडिलांनी लाँग आयलंडवरच्या आपल्या घराचे कुजके लाकूड काढून निळे विनाइल बसवले. लेक त्याचा एक तुकडा हातात घेऊन ते कुठून आले हे शोधत लुइझियानातल्या कारखान्यांपर्यंत आणि थेट व्हेनिसपर्यंत जाते. चित्रपट विनोदी आहे, आणि त्यामुळेच अंगावर येतो. शेवटी आईवडिलांच्या घराचे विनाइल उतरते आणि तिथे दुसरीकडून मिळवलेले जुने लाकूड बसते.

आम्हीही तेच करायचे ठरवले होते. २०२४पर्यंत दक्षिणेची आणि पश्चिमेची बाजू अशी झाली होती की हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी भुकटी लागे. बदामी रंगाचा कुठे शेवाळी तर कुठे हाडासारखा पांढुरका झाला होता. विनाइलमध्ये टायटेनियम डायॉक्साइड घालतात ते उन्हापासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून. वरचा पातळ थर उन्हाने झिजला की उघडी पडणारी भुकटी प्रामुख्याने त्याचीच. अंगणातले जुने झुडूप काढले तेव्हा त्यामागे भिंतीवर झुडपाच्या आकाराचा १९८७चा ताजा बदामी रंग होता. सूर्य पोहोचला नाही तेवढेच वचन पाळले गेले होते.

तेव्हा विनाइल उतरवू, खालचे लाकूड मोकळे करू, खरे घर बाहेर काढू, असा बेत. 'खरे', 'अस्सल', 'मूळ' हे शब्द आम्ही त्या दिवसांत फार सढळपणे वापरत होतो; देशीवादावरच्या वादांत ज्यांचे तारुण्य गेले त्यांना हे शब्द सवयीने येतात. उत्तरेच्या बाजूला एक पट्टी उकलून पाहिली. त्यासाठी आकडा असलेले एक छोटे हत्यार मिळते. ते पट्ट्यांच्या सांध्यात घालून ओढत नेले की सांधा पिशवीच्या चेनसारखा उघडतो. आत लाकूड होते. सुदैवाने बरेचसे धड. त्यावर राखाडी-हिरव्या रंगाचे पोपडे होते. चाचणी केली, शिसे निघाले. अमेरिकेत घरांच्या रंगात शिसे वापरायला १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या चोपन्न वर्षांत या घराला किती हात बसले असतील, आणि खरवडताना त्याची भुकटी कुठे कुठे जाईल, याचा विचार करून आम्ही पट्टी पुन्हा अडकवून टाकली. ज्याला आम्ही खोटी कातडी म्हणत होतो तिने सदतीस वर्षे अस्सल विष झाकून ठेवले होते. शिवाय उतरवलेल्या विनाइलचे काय करायचे, याची ज्यांच्या-ज्यांच्याकडे चौकशी केली त्यांच्या उत्तराची अखेर बहुधा कचराभूमीतच झाली.

राहता राहिले रंगवणे. आणि रंगवता येते, असे कळले. लागत नाही हे खोटे.

इथे रस्किन आठवणे अपरिहार्य होते. 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर'मध्ये (१८४९) सत्याच्या दिव्याखाली त्याने वास्तुकलेतल्या ज्या लबाड्या मोजल्या आहेत, त्यांत एका वस्तूला रंगवून दुसरीच वस्तू भासवणे ही एक आहे. विनाइलच्या पट्टीवर लाकडाच्या रेषा उठवलेल्या असतात. हमीपत्रातले शब्द वाचले तर त्या देवदाराच्या आहेत. गंमत अशी की खऱ्या क्लॅपबोर्डवर या रेषा दिसतच नाहीत. फळी रंधून गुळगुळीत करतात आणि वर रंगाचे थर चढतात. लाकडाची नक्कल करताना विनाइल लाकडापेक्षा जास्त लाकडी होते. नवखा अभिनेता म्हाताऱ्याची भूमिका करताना जसा म्हाताऱ्यापेक्षा जास्त वाकतो. व्हिएन्नाच्या आडॉल्फ लोसने १८९८ साली आवरणाच्या तत्त्वावर निबंध लिहिला. आवरण हे आवरणच दिसावे, खालच्या वस्तूशी त्याची गल्लत होऊ नये, हा त्याचा आग्रह. त्यामुळे लाकडाला हवा तो रंग द्यायला त्याची परवानगी होती, अपवाद फक्त लाकडी रंगाचा. लोसचा नियम विनाइलला लावला तर? विनाइलला रंग दिला की त्याच्या रेषा थोड्या बुजतात, प्लास्टिकची चकाकी जाते, आणि ते पहिल्यांदाच खरोखर रंगवलेल्या फळीसारखे दिसू लागते. नक्कल पूर्ण होते ती हमी मोडल्यावर. रस्किन आम्हांला हाकलून देईल आणि लोस बहुधा हसेल.

हमी मोडण्याचे म्हणाल तर ते शब्दशः खरे होते. शेवटच्या पानावरच्या बारीक टाइपात दोन कलमे आहेत. हमी 'आजीवन' आहे. आता आजीवन म्हणजे कोणाचे जीवन? पट्टीचे, घराचे, की माणसाचे? उत्तर: मूळ खरेदीदाराचे, तो या घराचा मालक असेतोवर. घर दुसऱ्याकडे गेले की हमी वर्षांच्या हिशेबाने घटत जाते. आणि दुसरे कलम: पृष्ठभागाला रंग दिल्यास ती रद्द. दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्याची उरलेली हमी आम्ही अठरा वर्षे खणात जपून ठेवली होती.

रंग निवडताना कळले की इथेही मोकळीक नाही. विनाइलला त्याच्या मूळ रंगापेक्षा गडद रंग साधारणपणे देत नाहीत. गडद रंग ऊन पितो, पट्टी तापते, सत्तर-पंचाहत्तर अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडून वाकडी होते; शेजारच्या खिडकीच्या आधुनिक काचेवरून परावर्तित झालेल्या उन्हानेसुद्धा विनाइल वितळल्याची उदाहरणे आहेत. म्हणून रंगाच्या प्रत्येक नमुन्यामागे प्रकाश-परावर्तनाचा आकडा छापलेला असतो: काळा शून्य, पांढरा शंभर, विनाइलसाठी पंचावन्नच्या वर राहावे असा संकेत. आता विनाइलला चालतील असे वेगळ्या रंगद्रव्यांचे गडद रंगही निघाले आहेत. १८६६ साली क्लीव्हलंडमध्येच स्थापन झालेल्या शेरविन-विल्यम्सची तशी खास यादी आहे. आमच्यातल्या एकाला त्यातला गडद निळा हवा होता. दुसऱ्याला रंगच नको होता.

तीन दिवस नमुन्यांचा पंखा जेवणाच्या टेबलावर पडून राहिला. चौथ्या दिवशी आईंनी भाजी निवडता निवडता तो उलगडला आणि अगदी शेवटच्या, जवळजवळ पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवले. पांढऱ्यात निळसर झाक, असेल-नसेल इतकी. "हा आपला चुना," त्या म्हणाल्या आणि पुन्हा गवारीकडे वळल्या. मागचा आकडा पाहिला, ऐंशीच्या वर. नियमात बसत होता.

काम ऑगस्टच्या अखेरीस काढले. आधी धुणे: तीस भाग पांढरे व्हिनेगर, सत्तर भाग पाणी, मऊ ब्रश. "घर धुताय की लोणचं घालताय?" आईंनी विचारले. धुताना खालून वर जायचे, म्हणजे कोरड्या पट्टीवर मळक्या पाण्याचे ओघळ वठत नाहीत. रंग देताना वरून खाली. पट्ट्यांच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात, ती रंगाने बुजू द्यायची नाहीत. रंग शंभर टक्के ॲक्रिलिक, त्यात युरेथेन, पट्टी लांबली-आखडली तरी तडकू नये म्हणून. आणि उन्हात रंगवायचे नाही. त्यामुळे सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारी पूर्वेची, असे आम्ही दोन आठवडे सावलीमागे फिरलो. एका वेळी एक पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये थांबायचे नाही. थांबलात तर वाळलेल्या कडेची रेघ कायमची दिसते.

आई गाडीवाटेवर घडीची खुर्ची टाकून बसत आणि सुटलेल्या जागा दाखवत. रंगाऱ्यांच्या मराठीतला 'हात' हा शब्द किती नेमका आहे हे तेव्हा कळले. पहिला हात कोरडा झाला का, दुसरा कधी मारणार, या खिडकीखाली हात हलका पडलाय. पहिल्या हातानंतर बदामी रंग खालून डोकावत होता आणि घर आजारी दिसत होते. आई म्हणाल्या, "चुनाही असाच दिसतो. उद्या बघा." चुना वाळून पांढरा होतो, ॲक्रिलिक होत नाही, दुसरा हात द्यावाच लागतो, हे आम्ही त्यांना सांगितले नाही.

दक्षिणेच्या भिंतीवर, दुसऱ्या मजल्याच्या उंचीला, आमचे भांडण झाले. एक जण शिडीवर, दुसरा शिडी धरून खाली. कारण क्षुल्लक होते: रंगाचे आणखी दोन डबे आणायचे की आहे त्यात पातळ करून भागवायचे. विकायच्या घराला एवढा खर्च कशाला, असे एक म्हणाला. निवृत्तीनंतर हे विकून वाईला जायचे, हे आमच्यात इतकी वर्षे इतके ठरलेले होते की त्यावर कधी बोलणेच झाले नव्हते. आणि वाईचे घर पडून दीड वर्ष झाले होते, त्यावरही झाले नव्हते. मग दुसऱ्याने म्हटले, "आता जायचंय कुठे?"

हे वाक्य आमच्यापैकी कोणाचे, ते इथे लिहिणार नाही. एवढे खरे की वरचा खाली उतरू शकत नव्हता आणि खालचा शिडी सोडून जाऊ शकत नव्हता. आई खुर्चीवर होत्या; त्यांनी ऐकले की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. हातातली पट्टी निम्मी झाली होती आणि मध्ये थांबायचे नसते, म्हणून वरच्याने ती पूर्ण केली. संध्याकाळी दोन डबे आणले. त्या विषयावर नीट बोलणे व्हायला पुढे कित्येक आठवडे गेले, आणि झाले तेही तुकड्या-तुकड्यांनी, भांडी लावताना, गाडीत. बरेचसे अजून व्हायचे आहे.

आई ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परतल्या. जाताना अंगणात उभ्या राहून त्यांनी घराकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुमचं घर छान उजळलं हो." उत्तरेची भिंत तेव्हा व्हायची होती. ती शेजारच्यांच्या भिंतीपासून आठेक फुटांवर आहे, ऊन नाही, शेवाळ फार, आणि कोणाला दिसत नाही. तपमान दहा अंशांच्या खाली जायच्या आत तिला घाईघाईने एकच हात मारला. वरच्या तीन पट्ट्यांना तोही धड नाही. ज्या पट्टीमागे आम्ही शिसे पाहिले ती याच भिंतीत आहे. सांध्यापाशी किंचित उचललेली असल्याने ओळखू येते.

जानेवारीत थंडी उणे पंधराच्या खाली गेली. सकाळी बर्फ काढायला बाहेर आलो तर दक्षिणेच्या निळसर पांढऱ्या भिंतीवर जागोजागी उभ्या बारीक रेघा उमटल्या होत्या. बदामी. दोन पट्ट्यांची टोके जिथे एकमेकींवर चढतात तिथे, आखडल्यामुळे, ऑगस्टमध्ये झाकली गेलेली आणि म्हणून ब्रश न पोहोचलेली पाव इंचाची जागा उघडी पडली होती. सूर्यही तिथे कधी पोहोचला नव्हता. त्यामुळे तो बदामी रंग हमीपत्रावरच्या चित्रात आहे तसाच, नवा.

फोनच्या कॅमेऱ्यातून आईंना दाखवले. सध्या त्या पुण्यात धाकट्या लेकीकडे असतात. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले.

"उन्हाळ्यात मिटतील ना?"

मिटतील, म्हटले.

"मग राहू दे," म्हणाल्या, आणि पावसाच्या पाइपाला रंग दिला का, ते विचारले. तो अजून द्यायचा आहे.